गारठ्याची कमाई: शाब्ली आणि तिथली घराणी

शार्डोने ही द्राक्षाची जात कुठेही नांदते. कॅलिफोर्नियाच्या उन्हात, चिलीत, दक्षिण आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या खडूच्या टेकड्यांवर आणि आपल्या सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळही. तिला स्वतःची अशी ठाशीव चव फारशी नाही. त्यामुळे जिथे लावावी तिथली हवा आणि वाइन करणाऱ्याचा हात, या दोन्हींची छाप ती मुकाट्याने घेते. उष्ण प्रदेशात तिची वाइन पिकलेल्या अननसाकडे झुकते. ओकच्या नव्या पिंपात ठेवली की व्हॅनिलाचा वास धरते. १९९० च्या दशकात लोण्यासारख्या जाड शार्डोनेचे इतके पीक आले की इंग्रजी बोलणाऱ्या देशांत ‘शार्डोने सोडून काहीही द्या’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांचा एक वर्गच तयार झाला. गंमत अशी की यातली काही मंडळी जेवताना आवडीने शाब्ली मागवत होती. शाब्ली ही निव्वळ शार्डोनेचीच असते. बाटलीवर बहुधा तसे लिहिलेले नसते, एवढेच.

ही प्रस्तावना त्या शाब्लीची आहे. शार्डोने थंडीच्या सीमेवर नेऊन लावली तर काय होते, आणि ती तिथे पिढ्यान्‌पिढ्या टिकवायला कोण तयार होते, हे दोन प्रश्न इथे एकमेकांपासून सोडवता येत नाहीत. पुढच्या पानांत मळ्यांची नावे, माती, साले आणि चवी यांचा तपशील येईलच. त्याआधी या दोन प्रश्नांची गाठ पाहून घेतलेली बरी.

शाब्ली हे गाव फ्रान्समध्ये पॅरिसच्या आग्नेयेला सुमारे १८० किलोमीटरवर, योन जिल्ह्यात, सरँ नदीच्या काठी आहे. वस्ती अडीच हजारांच्या आत. कागदोपत्री ते बर्गंडीत मोडते. पण बर्गंडीच्या वाइनची राजधानी मानले जाणारे बोन इथून शंभराहून अधिक किलोमीटर दक्षिणेला आहे, आणि शाँपेनच्या दक्षिण टोकाचे मळे त्यापेक्षा जवळ आहेत. २०१५ मध्ये युनेस्कोने बर्गंडीतल्या द्राक्षमळ्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, तेव्हाही मान मिळाला तो बोन आणि न्युईच्या उतारांना. शाब्ली बाहेरच राहिले. गावाचे अक्षांश जवळपास ४८ अंश उत्तर. आपले नाशिक २० अंशांवर आहे.

इथल्या मातीचे कौतुक फार होते, आणि ते जरा जास्तच होते असे म्हणायला जागा आहे. उतारांवरची चुनखडीयुक्त चिकणमाती सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीची, ज्युरासिक काळातली. इंग्लंडच्या डॉर्सेट किनाऱ्यावरच्या किमरिज गावावरून भूशास्त्रज्ञ तिला किमरिजियन म्हणतात. त्या काळी इथे उथळ, उबदार समुद्र होता. माती हातात घेतली की नखाएवढे स्वल्पविरामाच्या आकाराचे शिंपले सापडतात. कोकणात ज्यांना कालवं म्हणतात, त्यांच्याच दूरच्या नातलगांचे हे अवशेष. मग पर्यटकाला सांगितले जाते, की पाहा, हेच शिंपले ग्लासात उतरतात. वेलीची मुळे शिंपले शोषून घेत नाहीत. ती पाणी आणि त्यात विरघळलेली खनिजे घेतात, आणि वाइनला येणारा ओल्या दगडाचा भास थेट दगडातून आलेला नसतो. ही माती खरे काम करते ते वेगळे. चिकणमाती पाणी धरून ठेवते, चुनखडी ते जास्त झाले की खाली सोडते, आणि वेलीला तहानही लागत नाही, पाणीही तुंबत नाही.

याच मातीवरून गावात मोठे भांडण झाले. १९७० च्या दशकात शाब्ली या नावाची हद्द वाढवायची की नाही, हा वाद पेटला. विल्यम फेव्र यांचा पक्ष म्हणत होता, किमरिजियन माती नसेल तर ते नाव लावू नका. जाँ द्युरूप यांचा पक्ष म्हणत होता, उतार आणि तोंड योग्य असेल तर माती थोडी वेगळी असली म्हणून बिघडत नाही. अखेर हद्द वाढली. आज मळे पावणेसहा हजार हेक्टरांच्या आसपास आहेत आणि त्यांच्या चार पायऱ्या आहेत. तळाला पती शाब्ली, तीत बरीचशी पठारावरच्या कठीण चुनखडीवरची. मग नुसती शाब्ली, तिच्यावर प्रमिए क्रू आणि सर्वांत वर ग्राँ क्रू. ग्राँ क्रू म्हणजे गावासमोर, नदीच्या उजव्या तीरावरची एकच टेकडी, जेमतेम शंभर हेक्टर. तिच्यावर सात नावे: ब्लांशो, बुग्रो, ले क्लो, ग्रनुई, प्रज, वाल्म्यूर आणि वोदेझीर. ला मुतोन नावाचा एक तुकडा वोदेझीर आणि प्रज यांच्यावर पसरलेला आहे. त्याचे नाव बाटलीवर दिमाखात येते, पण सातांत आठवा म्हणून त्याची गणती होत नाही.

टेकडीचे तोंड नैर्ऋत्येकडे आहे, आणि हाच सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. या अक्षांशावर दुपारचे ऊन हीच दौलत असते.

द्राक्ष पिकते म्हणजे त्यात एकाच वेळी दोन गोष्टी घडत असतात. साखर वाढते आणि आम्लता उतरते. आम्लांपैकी टार्टारिक बऱ्यापैकी टिकून राहते, पण मॅलिक, म्हणजे हिरव्या सफरचंदातले आम्ल, वेल स्वतःच्या श्वसनासाठी खर्च करते. हवा जितकी गरम, तितका हा खर्च जास्त. रात्रीही उबदार असतील तर द्राक्ष झोपेतसुद्धा आंबटपणा गमावते. उष्ण प्रदेशातल्या बागायतदाराला साखरेची चिंता नसते. त्याची अडचण अशी की मण्यात चव भरेपर्यंत आंबटपणा निघून गेलेला असतो, आणि मग वाइन पातेल्यात आटवल्यासारखी जड होते. शाब्लीचा पेच याच्या नेमका उलट. इथला शरद ऋतू गार आणि संथ. साखर रडतखडत चढते, चव मागून येते, आणि त्या सगळ्या काळात आम्लता जागच्या जागी असते. हे गणित जमले तर हातात येते कमी अल्कोहोलची, ताठ कण्याची, पहिल्या घोटाला जवळजवळ कठोर वाटणारी वाइन. गणित चुकले, म्हणजे पाऊस लवकर आला किंवा सप्टेंबर ढगाळ गेला, तर हातात येते ते नुसते आंबट पाणी. गेल्या शतकात अशी साले थोडी नव्हती, आणि रसात साखर मिसळून अल्कोहोल वाढवण्याची कायदेशीर सोय इथे नेहमीच्या वापरातली होती.

तळघरात मग तिच्यावर आणखी एक संस्कार होतो. जिवाणू मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात. शाब्लीत हे जवळपास सगळीकडे होऊ देतात, कारण मुळातच इतके आम्ल असते की थोडे मऊ पडले तरी कणा शिल्लक राहतो. याच क्रियेत लोण्याच्या वासाचे संयुग तयार होते, आणि शार्डोनेला लोण्यासारखी म्हणून बदनाम करणारे तेच. मात्र वाइन मृत यीस्टच्या गाळावर महिनोन्‌महिने ठेवली तर तो वास बराचसा ओसरतो. म्हणून शाब्लीत लोणी जवळपास नाही. उरते ते लिंबाची साल, गवत, कधी मशरूम, आणि जुन्या बाटलीत मधाची हलकी झाक.

या जातीचे कूळही सांगण्यासारखे आहे. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या कॅरोल मेरेडिथ, जॉन बोवर्स आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी डीएनए तपासून दाखवले, की शार्डोने ही पिनो आणि गुए ब्लाँ यांची संतती. पिनो ही बर्गंडीची मानाची जात. गुए ब्लाँ ही शेतकऱ्यांच्या बांधावरची, भरघोस पिकणारी आणि बड्या लोकांनी तुच्छ मानलेली. या एकाच जोडीपासून ईशान्य फ्रान्समधल्या तब्बल १६ जाती निपजल्या, त्यांत गामे आणि आलिगोते याही आहेत.

आईबापांकडून शार्डोनेला एक खोड मात्र लागली. तिचे डोळे लवकर फुटतात. थंडीच्या सीमेवर लावण्याच्या वेलीने खरे तर उशिरा जागे व्हावे. ही मार्चअखेरीस-एप्रिलमध्येच कोंब काढते आणि दंवाच्या तोंडी उभी राहते.

शाब्लीचा इतिहास बऱ्याच अंशी या एका खोडीचा इतिहास आहे. १११४ मध्ये जवळच पाँतिन्यी इथे सिस्टर्शियन मठ स्थापन झाला. द्राक्षशेतीला इथे शिस्त लावण्याचे श्रेय त्या साधूंना देतात. पुढे पॅरिसची तहान मोठी आणि वाट सोपी होती. पिंपे गाडीने ओसेरला न्यायची, तिथून योन नदीतून सेन नदीत, आणि थेट राजधानीत. एकोणिसाव्या शतकात योन जिल्ह्यात ४०,००० हेक्टरांच्या आसपास द्राक्षे होती. मग १८५० च्या दशकात पॅरिसहून दक्षिणेकडे जाणारा लोहमार्ग पुरा झाला आणि भूमध्य समुद्राकाठची स्वस्त, उन्हात वाढलेली वाइन राजधानीत ओतली जाऊ लागली. त्यातच भुरी आली, मग डाऊनी आली. हे दोन्ही रोग नाशिकच्या बागायतदाराला नावानिशी ठाऊक आहेत. १८८० च्या दशकात फायलोक्झेरा या मुळे कुरतडणाऱ्या किड्याने कळस केला. वेली अमेरिकी खुंटावर कलम करूनच पुन्हा उभ्या राहिल्या. आपल्याकडे डॉगरिज खुंटावर बाग उभी करतात तेव्हा कारण पाण्याची टंचाई आणि क्षार हे असते, पण तंत्र तेच. पुढे पहिल्या महायुद्धाने तरुण नेले. १९३८ मध्ये शाब्ली नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले खरे, पण संरक्षण करावे असे उरले होते किती? १९५० च्या दशकाच्या मध्यावर मळे कसेबसे ५०० हेक्टर होते. टेकडीवरच्या आजच्या अनमोल जमिनी तेव्हा पडीक होत्या किंवा त्यांत दुसरेच काहीतरी पेरलेले असे.

नाव मात्र तोवर जगभर गेले होते, आणि माल नसताना नाव मोठे असले की जे होते तेच झाले. कॅलिफोर्नियात मोठ्या बुधल्यांतून विकल्या जाणाऱ्या कुठल्याही गोडसर पांढऱ्या वाइनला शाब्ली म्हणण्याची चाल पडली. तिच्यात शार्डोने असेलच असे नाही. २००६ च्या अमेरिका-युरोप करारात नव्या लेबलांवर बंदी आली, पण आधीपासून ते नाव वापरणाऱ्यांना सूट मिळाली.

१९५७ च्या वसंतातल्या दंवाने पीक जवळजवळ संपूर्ण नेले. त्यानंतर गावाने हातपाय हलवायचे ठरवले. आधी वेलींच्या ओळींत तेलाच्या शेगड्या आल्या. पहाटे दोन-तीन वाजता उठायचे, तापमापक पाहायचे, शेगड्या पेटवायच्या, आणि सूर्य वर येईपर्यंत धुरात उभे राहायचे. पुढे मेणाची मोठी पिंपे आली, हेक्टरी तीन-चारशे. ती पेटलेल्या रात्री टेकड्यांची छायाचित्रे फार सुंदर येतात. छायाचित्र काढणाऱ्याला त्यांचे बिल भरावे लागत नाही. एका रात्रीला हेक्टरी काही हजार युरो जळतात, आणि दंव एकाच रात्री येऊन थांबत नाही.

दुसरा उपाय ऐकायला उफराटा वाटतो. पारा शून्याखाली जाऊ लागला की वेलींवर तुषारांनी पाणी मारायचे. पाणी गोठताना उष्णता सोडते. बर्फाच्या कवचात बसलेला कोंब शून्य अंशाच्या आसपास राहतो, आणि बाहेर उणे पाच असले तरी वाचतो. अट एकच. पाणी मध्येच थांबता कामा नये. पंप बंद पडला तर तोच ओला कोंब कोरड्या कोंबापेक्षा आधी मरतो. या कामासाठी बेन गावाजवळ एक कृत्रिम तलावच बांधला आहे. आज तिथे लोक सहलीला जातात.

निफाडच्या माणसाला यातले निम्मे तरी ओळखीचे वाटेल. डिसेंबर-जानेवारीत तिथला पारा पाच अंशांच्या खाली उतरला की बागांमध्ये शेकोट्या पेटतात आणि पहाटे विहिरीचे किंवा बोअरचे पाणी सोडतात. फरक वेळेचा आहे. निफाडात थंडी येते तेव्हा घड लागलेले असतात, मणी भरत असतात. भीती असते ती फुगवण थांबण्याची आणि मणी तडकण्याची. शाब्लीत दंव येते तेव्हा पिकाचा अजून पत्ताच नसतो. पोपटी कोंब जळाले की पुढच्या सप्टेंबरचा हिशेब एप्रिलमध्येच संपतो.

असा धंदा कोण करील? पैसे गुंतवून दर तिमाहीला नफा मागणारा माणूस करणार नाही. दहा वर्षांत दोन-तीन वर्षे हात रिकामे राहणार हे गृहीत धरून उरलेल्या वर्षांच्या कमाईवर घर चालवणे, आणि आज लावलेल्या वेलीची खरी फळे मुलांच्या हाती पडणार हे मान्य करणे, हा हिशेब कुटुंबालाच परवडतो. तोही कुरकुरत.

शाब्लीतली दोन घराणी या संदर्भात नेहमी एका दमात घेतली जातात. दोविसा आणि राव्नो. दोविसांकडे रोबेर दोविसा यांनी १९३१ मध्ये आपली वाइन आपल्याच बाटल्यांत भरायला सुरुवात केली. ज्या काळी बहुतेक शेतकरी पिंपेच्या पिंपे व्यापाऱ्याला विकून मोकळे होत, त्या काळातली ही हिंमत. त्यांच्यामागे रने, आणि रने यांच्यामागे व्हाँसाँ. मळे सुमारे १२ हेक्टर. फ्रान्स्वा राव्नो यांनी आपले घर उभे केले १९४८ मध्ये. त्यांच्या वडिलांनी जमिनीचा काही भाग विकून टाकला होता. फ्रान्स्वांनी भाव पडलेल्या काळात पुन्हा तुकडे जमवले. त्यांच्या पत्नी माहेरच्या दोविसा, आणि माहेरकडचे मळेही या घरात आले. पुढे त्यांचे मुलगे जाँ-मारी आणि बेर्नार यांनी काम सांभाळले. आता बेर्नार यांची मुलगी इझाबेल आणि त्यांच्या पिढीची भावंडे पुढे आली आहेत. मळे दहा हेक्टरांच्या आतबाहेर.

सोयरिकींचा इथे केवळ घरगुती अर्थ नाही. नेपोलियनच्या काळापासून फ्रान्सच्या कायद्यात मुलामुलींचा वारसाहक्क समान आहे, त्यामुळे दर पिढीला मळ्यांचे तुकडे पडतात. एकाच टेकडीवर एकेका घराच्या चार-दोन ओळी, मग दुसऱ्याच्या, मग पुन्हा पहिल्याच्या. सातबारावर नावे वाढत जाताना पाहिलेल्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. लग्ने, भाडेपट्टे आणि भावाभावांतले समझोते यांनी ते तुकडे पुन्हा टाचले जातात. राव्नो आणि दोविसा यांचा ले क्लो मळ्यातला हिस्सा असा पिढ्यांच्या टाचणीने टिकलेला आहे.

दोघांचेही काम जुन्या वळणाचे. शाब्लीत बहुतांश द्राक्षे आता यंत्राने तोडतात; ही घराणी हाताने तोडतात. वाइन जुन्या ओकच्या पिंपांत मुरते, आणि त्यांत काही पिंपे फईयेत नावाची, केवळ १३२ लिटरची, खास शाब्लीची असतात. बर्गंडीचे नेहमीचे पिंप २२८ लिटरचे. वर्षानुवर्षे वापरलेल्या लाकडाची चव वाइनला लागत नाही, फक्त फटींतून थोडी हवा लागते आणि आम्लाची धार गोल होते. पण लाकूड म्हणजेच परंपरा असेही कोणी समजू नये. याच गावात मिशेल घराण्याने अर्धशतकापूर्वीच पिंपे बाद करून सगळे काम पोलादी टाक्यांवर नेले, आणि त्यांची वाइनही तितकीच खणखणीत असते. १९८० च्या दशकात या लाकूड-पोलादावरून बरीच शाई खर्च झाली. चांगल्या मळ्यातली दहा वर्षांची बाटली उघडली की दोन्ही बाजूंचे वकील बहुधा गप्प बसतात, कारण तोवर दोघांतला फरक ओळखणे अवघड झालेले असते.

घराणी म्हटले की डोळ्यांसमोर फक्त अशी छोटी, दंतकथा झालेली घरे येतात, आणि ते चित्र अपुरे आहे. इथल्या शेकडो कुटुंबांकडे स्वतःचे तळघरच नाही. ती सभासद आहेत ला शाब्लीझिएन या सहकारी संस्थेची. ती १९२३ मध्ये स्थापन झाली आणि शाब्लीच्या एकूण उत्पादनातला साधारण चौथा हिस्सा एकटी करते. ग्रनुई या ग्राँ क्रूचा मोठा भाग तिच्या सभासदांचा. पश्चिम महाराष्ट्राला सहकार शिकवायला नको. मंदीच्या काळात छोट्या बागायतदाराला तग धरू देणे हे तिचे काम होते, आणि तिने ते केले. राव्नोंच्या पिवळ्या मेणाने मोहोरबंद केलेल्या बाटल्या लिलावात त्यांच्या मूळ भावाच्या कित्येक पटींनी जातात, पण त्या फरकातला पैसा राव्नोंच्या घरी येत नाही. गाव चालते ते सहकारी संस्थेच्या आणि मधल्या फळीतल्या घरांच्या जोरावर.

घराणी विकलीही जातात. मातीसाठी भांडलेल्या विल्यम फेव्र यांचे घर १९९८ मध्ये शाँपेनच्या आँरियो कुटुंबाकडे गेले, आणि पुढे बोर्दोच्या लाफित रॉथशिल्ड घराण्याकडे. बियो-सिमाँ हे जुने घर २०१४ मध्ये बर्गंडीच्याच फेव्हले कुटुंबाने घेतले. खरेदीदारही कुटुंबेच, फक्त मोठी. जमिनीचा भाव चढला की वारसाकर चढतो, पाच भावंडांपैकी तिघांना शहरातले घर घ्यायचे असते, आणि मळा विकल्याशिवाय त्यांचा वाटा देता येत नाही. दंवाने जे साधले नाही ते भावाने साधते.

आणि आता थंडी स्वतःच बदलते आहे. पूर्वी तोडणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. २००३ च्या उष्णतेच्या लाटेत ती ऑगस्टमध्ये सुरू झाली तेव्हा नवल वाटले होते. २०२० आणि २०२२ मध्येही ऑगस्ट संपण्याआधी कात्र्या चालल्या आणि फारसे कोणी चकित झाले नाही. साखर आता आपसूक चढते. पठारावरची पती शाब्ली, जी कधी हिरवट आणि हडकुळी म्हणून नाक मुरडण्याची गोष्ट होती, ती आता नीट पिकते आणि पैसे वसूल करते.

मग दंवाचा धोका टळला असेल, असे वाटते. झाले उलटे. हिवाळा उबदार गेला की शार्डोनेचे डोळे आणखी लवकर फुटतात, आणि एप्रिलमधले उत्तरेचे वारे मात्र वेळापत्रक बदलत नाहीत. २०१६ मध्ये दंव आणि गारा, २०१७ मध्ये पुन्हा दंव, २०२१ च्या एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात फ्रान्सभर पसरलेले दंव, आणि १ मे २०२४ रोजी शाब्लीच्या मळ्यांवर झालेला गारांचा मारा. त्या २०२४ सालात पुढे पाऊस थांबेना आणि डाऊनीने उरलेसुरले नेले. बागायतदार आता छाटणी जमेल तितकी लांबवतात, म्हणजे डोळे काही दिवस उशिरा फुटतात. काही घरांनी तारांमधून वीज सोडून वेली ऊबदार ठेवण्याची सोय केली आहे. ती महाग आहे आणि मोजक्याच मळ्यांना परवडते.

महाराष्ट्रात शार्डोने लावणाऱ्यांपुढे यातले बरेचसे नाही आणि तरीही मूळ प्रश्न तोच आहे. आपल्याकडे वेल हिवाळ्यात झोपतच नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, आणि जानेवारी ते मार्च तोडणी, म्हणजे पीक थंडीच्या महिन्यांत आणून बसवायचे. आम्लता वाचवण्यासाठी नकाशावर उत्तरेला सरकता येत नाही, तर पंचांगातच सरकायचे. अकलूजच्या फ्रातेल्लीने इटालियन तंत्रज्ञाच्या मदतीने शार्डोने धरली. ही कंपनीही भावाभावांनी मिळून उभी केलेली: इटलीचे सेच्ची, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील. स्टीव्हन स्परियर या इंग्रज जाणकारानेही त्यांच्यासोबत एक मालिका केली. याच स्परियर यांनी १९७६ मध्ये पॅरिसला लेबले झाकून चव घेण्याची ती प्रसिद्ध स्पर्धा भरवली होती, जिच्यात कॅलिफोर्नियाच्या शातो माँतलेना या घराची १९७३ ची शार्डोने पहिली आली आणि फ्रान्सचा अहंकार दुखावला. त्या दिवशी मांडलेल्या बर्गंडीच्या पांढऱ्या बाटल्यांत शाब्ली एकही नव्हती.

शाब्ली भारतात मिळते, आयातकरामुळे महाग मिळते. विकत घ्यायचीच तर ग्राँ क्रूवर लगेच उडी मारण्यात अर्थ नाही. सात-आठ वर्षांच्या आत ती बहुधा तोंड उघडत नाही, आणि पैसे वाया गेल्यासारखे वाटतात. एखाद्या कुटुंबाची नुसती शाब्ली घ्यावी, शक्य तर दोन सालांची, एक २०२० किंवा २०२२ सारखे उन्हाचे आणि एक २०२१ चे. फ्रिजमधून काढून वीसेक मिनिटे बाहेर ठेवावी, कारण फार गार केली की चव मिटून जाते. सोबत मसाला जपून वापरलेल्या तिसऱ्या किंवा रत्नागिरीकडची कालवं असतील तर उत्तम. नारळाच्या दाट रश्श्यापुढे ती टिकत नाही. दोन्ही ग्लास शेजारी ठेवले की उन्हाच्या सालाची वाइन जिभेवर पसरताना आणि २०२१ ची सरळ रेषेत जाताना कळेल. ते कळले की पुढच्या प्रकरणांतले मळ्यांचे नकाशे आणि सालांचे तक्ते वाचायला सोपे जातील.